फिश चाचणी: कर्करोगातली तुटलेली जनुकं रंगीत ठिपक्यांवरून कशी ओळखतात?

बायोप्सीचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे हे कळलं. आणि डॉक्टर म्हणाले, "आता ब्लॉक फिशला पाठवूया." घरच्यांना लगेच दोन प्रश्न पडतात. ही फिश काय भानगड आहे? आणि कॅन्सर आहे हे एकदा कळल्यावर पुन्हा आणखी चाचणी कशाला?

काही दिवसांनी रिपोर्ट येतो. त्यात काळ्या पार्श्वभूमीवर निळे गोळे आणि त्यांच्यात लाल, हिरवे, पिवळे ठिपके असा एक फोटो असतो. खाली एक ओळ असते: 'एएलके ब्रेक-अपार्ट: पॉझिटिव्ह, ५० पैकी ३१ पेशी'. रुग्णाला सलाईनमधून केमोथेरपी द्यायची की रोज घ्यायच्या गोळ्या, हे बऱ्याचदा या एका ओळीवर ठरतं. म्हणून ती ओळ कशी तयार होते आणि तिच्यावर किती विसंबायचं, हे समजून घेऊया.

आधी नावाचा उलगडा. या चाचणीचा माशाशी काही संबंध नाही. 'फ्लूरोसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन' या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून 'फिश' झालं. फ्लूरोसन्स म्हणजे प्रकाश पडल्यावर चमकणं. इन सिटू म्हणजे जागच्या जागी. हायब्रिडायझेशन म्हणजे डीएनएच्या दोन जुळणाऱ्या धाग्यांची जोडी लागणं.

आणि मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. फिश जनुक वाचत नाही. ती फक्त शेजार तपासते. डीएनएवरच्या दोन जागा एकमेकींच्या शेजारी आहेत की नाहीत, एवढंच ती सांगते. हे लक्षात ठेवलं की रिपोर्टमधली बरीच कोडी सुटतात.

जनुकं एकमेकांना चिकटतात म्हणजे काय?

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो. तो ४६ गुणसूत्रांमध्ये, म्हणजे २३ जोड्यांमध्ये वाटलेला असतो. हा धागा अधूनमधून तुटतो. त्यात विशेष काही नाही, पेशी तो दुरुस्तही करते. पण एकाच वेळी दोन ठिकाणी तुटला, तर दुरुस्ती करताना कधीकधी चुकीची टोकं जोडली जातात. एका जनुकाचं पुढचं अर्ध दुसऱ्या जनुकाच्या मागच्या अर्ध्याला चिकटतं. यालाच जनुकांचं फ्यूजन म्हणतात.

बहुतेक वेळा अशा जोडणीतून काही निष्पन्न होत नाही. पण दोनातलं एक जनुक पेशीला 'वाढ, विभाजित हो' असा हुकूम देणारं असेल, तर गडबड होते. असं जनुक एरवी नियंत्रणात असतं, गरजेपुरतं चालू होतं आणि बंद होतं. जोडणीत त्याचा बंद करणारा भाग गळून पडला, किंवा त्याला सतत चालू ठेवणारा जोडीदार मिळाला, की बटण चालूच राहतं.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचं आहे. तिथे ९ क्रमांकाच्या गुणसूत्रावरचं एबीएल हे जनुक २२ क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या बीसीआर जनुकाला जाऊन चिकटतं. दुसरं उदाहरण फुप्फुसाच्या कर्करोगाचं. तिथे २ क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक तुकडा तुटतो, उलटा होतो आणि परत तिथेच बसतो. त्यामुळे ईएमएल४ आणि एएलके ही दोन जनुकं जोडली जातात. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात एएलके खरं तर गप्प असायला हवं. ईएमएल४ची सोबत मिळाली की ते जागं होतं आणि जागंच राहतं.

गुणसूत्रं मोजण्यापासून सुरुवात

या शोधाची सुरुवात साध्या सूक्ष्मदर्शकाने झाली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी १९६० मध्ये सांगितलं, की क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींमध्ये एक गुणसूत्र नेहमीपेक्षा लहान दिसतं. त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र हे नाव पडलं. ते लहान का, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं. गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून, घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून त्या जोड्या लावायच्या. त्यांच्या लक्षात आलं, की २२चा गेलेला तुकडा ९ला जोडला गेलाय. म्हणजे ही तुकड्यांची अदलाबदल होती.

गुणसूत्रांचा अभ्यास आपल्याकडेही नवा नव्हता. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे, यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये एमएस्सी केलं. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं. नंतर त्या मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगाच्या संशोधनात आल्या. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचं काम उभं केलं आणि १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालकही झाल्या. तीच संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग बनून नवी मुंबईत खारघरला गेली. आज तिला 'अ‍ॅक्ट्रेक' म्हणतात आणि तिथे कर्करोगाच्या गुणसूत्रांचा खास विभाग आहे. सीताफळाची गुणसूत्रं बघणं आणि रक्ताच्या कर्करोगाची गुणसूत्रं बघणं, यात सूक्ष्मदर्शकाखालची कला एकच आहे.

पण या पद्धतीची एक मोठी अडचण होती. गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात ती पेशी विभाजित होत असतानाच. एरवी डीएनए केंद्रकात सुताच्या गुंड्यासारखा पसरलेला असतो. रक्ताच्या किंवा अस्थिमज्जेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून विभाजनाच्या क्षणी पकडता येतात. फुप्फुसाच्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा कसा वाढवणार? त्या पेशी तर मेलेल्या असतात. शिवाय ईएमएल४ आणि एएलके ही जनुकं एकाच गुणसूत्राच्या एकाच भुजेवर आहेत. त्यांच्यात सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांचं अंतर आहे. ऐकायला मोठं वाटतं, पण तीनशे कोटींहून जास्त अक्षरांच्या पोथीत हा तुकडा उलटा झाला तर साध्या सूक्ष्मदर्शकाला पत्ता लागत नाही. म्हणूनच हे फ्यूजन जपानमधल्या हिरोयुकी मानो यांच्या गटाला सापडायला २००७ साल उजाडलं.

पत्ता शोधणारा प्रोब

पसरलेल्या गुंड्यात एखादी नेमकी जागा कशी शोधायची? इथे प्रोब कामाला येतो. प्रोब म्हणजे डीएनएचाच एक तुकडा, ज्याला चमकणारा रंग लावलेला असतो.

डीएनएचे दोन धागे असतात आणि त्यांच्यातल्या अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात. ए समोर टी, जी समोर सी. तापवलं की दोन्ही धागे सुटे होतात. थंड होऊ दिलं की प्रत्येक धागा आपला जोडीदार शोधतो. या गर्दीत आपण रंग लावलेला प्रोब सोडला, तर तोही आपला जोडीदार शोधून नेमक्या जागी जाऊन बसतो. आपण फक्त वाट बघायची.

हे समजायला सदाशिव पेठेतला पत्ता बघा. पेठेत नुसत्या घर नंबरावरून घर सापडेल याची खात्री नाही. पत्ता सांगताना खुणा सांगाव्या लागतात. खुन्या मुरलीधराजवळ, नागनाथ पारापाशी, पेरुगेटाच्या पुढे. खूण एकमेव असली की माणूस बरोबर पोचतो. पण नुसतं 'मारुतीच्या देवळाजवळ' असं सांगितलं तर? पुण्यात पत्र्या मारुती आहे, जिलब्या मारुती आहे, डुल्या मारुती आहे. सदाशिव पेठेत भिकारदास मारुती आहे. पाहुणा गावभर फिरत बसेल.

डीएनएमध्येही असे 'मारुती' आहेत. काही छोटे मजकूर आपल्या जनुकसंचात पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या 'अलू' नावाच्या एकाच मजकुराच्या दहा लाखांच्या आसपास प्रती आहेत. प्रोबच्या तुकड्यातही हे मजकूर असतातच. तसाच सोडला तर तो जागोजागी चिकटेल आणि सगळं केंद्रकच चमकायला लागेल. म्हणून प्रोबबरोबर बिनरंगाचा, फक्त अशा पुनरावृत्त मजकुरांचा डीएनए भरपूर प्रमाणात मिसळतात. त्याला कॉट-१ डीएनए म्हणतात. तो सगळे 'मारुती' आधीच व्यापून टाकतो. मग रंगीत प्रोबला बसायला फक्त एकमेव खूण असलेली जागा उरते.

प्रोब बराच लांब असतो, काही लाख अक्षरांचा. याचं कारण सोपं आहे. रंगाचा एकटा रेणू डोळ्याला दिसत नाही. लांब तुकड्यावर रंगाचे पुष्कळ रेणू बसतात आणि मग त्यांचा मिळून एक ठिपका दिसतो. मानवी डीएनएचे असे मोठे तुकडे जिवाणूंमध्ये ठेवून वाढवता येतात. हवा तो तुकडा जिवाणूंकडून भरपूर बनवून घ्यायचा, त्यात रंग लावलेली अक्षरं घालायची, की प्रोब तयार.

सुरुवातीला रंग नव्हता. १९६९ मध्ये जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी ही कल्पना किरणोत्सारी डीएनए वापरून सिद्ध केली. तेव्हा उत्तर फोटोच्या फिल्मसारख्या थरावर उमटायचं आणि त्यासाठी दिवसच्या दिवस वाट बघावी लागायची. १९८०च्या दशकात किरणोत्साराची जागा चमकणाऱ्या रंगांनी घेतली. १९९० मध्ये बीसीआर-एबीएलचं फ्यूजन विभाजित न होणाऱ्या पेशींतही दोन रंगांच्या प्रोबने दिसलं. पेशी विभाजनाच्या क्षणी पकडण्याची अट तिथे सुटली.

प्रयोगशाळेतले दोन दिवस

गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेला असतो. हाच तो 'ब्लॉक'. त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेच्या स्लाईडवर घेतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पॅथॉलॉजिस्ट शेजारच्या कापावर नेहमीचा रंग देऊन, कर्करोगाच्या पेशी नेमक्या कुठे आहेत ते आधी बघून खूण करून ठेवतात. ही पायरी महत्त्वाची आहे. चुकीच्या भागातल्या निरोगी पेशी मोजल्या तर उत्तर निगेटिव्हच येणार.

मग झायलीनने मेण काढतात. फॉर्मॅलिनने पेशीतली प्रथिनं एकमेकांना घट्ट बांधलेली असतात, त्यामुळे प्रोबला आत शिरता येत नाही. म्हणून स्लाईड गरम द्रावणात ठेवतात आणि पेप्सिनसारखं प्रथिनं पचवणारं विकर घालतात. इथे हाताचा अंदाज लागतो. कमी पचवलं तर प्रोब आत जात नाही, जास्त पचवलं तर केंद्रकच विरून जातं. प्रत्येक ब्लॉक वेगळा वागतो.

त्यानंतर प्रोब घालून, स्लाईड सत्तर-ऐंशी अंश सेल्सियसच्या आसपास तापवून डीएनएचे धागे सुटे करतात आणि रात्रभर ३७ अंशावर ठेवतात. दुसऱ्या दिवशी सैल चिकटलेला जादा प्रोब धुऊन काढतात. केंद्रक दिसावं म्हणून डीएपीआय नावाचा निळा रंग देतात. फोटोतले निळे गोळे ते हेच.

शेवटचं काम अंधाऱ्या खोलीत चालतं. फ्लूरोसन्सच्या सूक्ष्मदर्शकातून ठरावीक रंगाचा प्रकाश स्लाईडवर सोडतात. प्रोबवरचा रंग तो शोषतो आणि थोड्या जास्त तरंगलांबीचा प्रकाश परत सोडतो. फिल्टर मूळ प्रकाश अडवतो आणि फक्त परत आलेला ठिपका डोळ्यापर्यंत पोचू देतो. जास्त वेळ प्रकाशात ठेवलं तर हे रंग विझत जातात, म्हणून स्लाईड अंधारात जपतात आणि मोजणी फार लांबवत नाहीत.

दोन आकाशकंदील

आता मुख्य युक्ती. समजा दिवाळीत सदाशिव पेठेत दोन शेजारशेजारच्या वाड्यांवर एक लाल आणि एक हिरवा आकाशकंदील लावलाय. आपण पर्वतीवरून बघतोय. इतक्या लांबून दोन्ही प्रकाश एकमेकांत मिसळतात आणि एकच पिवळा ठिपका दिसतो. एका रात्री बघितलं तर हिरवा जागच्या जागी आणि लाल पार कोथरूडला. वाड्यांच्या आत काय घडलं हे पर्वतीवरून कळणार नाही. पण शेजार मोडला, एवढं नक्की.

एएलकेची फिश अशीच असते. जनुक जिथे तुटतं त्या जागेच्या एका बाजूला लाल प्रोब, दुसऱ्या बाजूला हिरवा. प्रत्येक पेशीत २ क्रमांकाची दोन गुणसूत्रं असतात, म्हणून निरोगी पेशीत दोन पिवळे ठिपके दिसतात, किंवा लाल-हिरव्या ठिपक्यांच्या दोन चिकटलेल्या जोड्या. एका गुणसूत्रावर जनुक तुटलं असेल तर एक पिवळा, एक सुटा लाल आणि एक सुटा हिरवा दिसतो. याला ब्रेक-अपार्ट प्रोब म्हणतात. कधीकधी हिरवा तुकडा हरवूनच जातो आणि एकटा लाल उरतो. तेही पॉझिटिव्हच धरतात, कारण एएलकेचं हुकूम देणारं टोक लाल बाजूला आहे. एकटा हिरवा उरला तर मात्र ती पेशी पॉझिटिव्ह धरत नाहीत.

दुसरा प्रकार उलटा. बीसीआर-एबीएलसाठी लाल कंदील एका पेठेत, हिरवा दुसऱ्या पेठेत. निरोगी पेशीत दोन लाल, दोन हिरवे, सगळे वेगवेगळे. फ्यूजन झालं की लाल-हिरवे एकत्र येऊन पिवळा ठिपका तयार होतो. याला फ्यूजन प्रोब म्हणतात.

दोन्हींत फरक काय? फ्यूजन प्रोबला दोन्ही जोडीदार आधीपासून माहीत असावे लागतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात ती जोडी ठरलेली आहे, म्हणून चालतं. एएलकेचा जोडीदार मात्र दरवेळी ईएमएल४च असतो असं नाही, इतरही असू शकतात. ब्रेक-अपार्ट प्रोबला जोडीदाराची फिकीर नसते. जनुक तुटलं एवढं तो सांगतो, कुणाबरोबर गेलं ते सांगत नाही.

ठिपके मोजणारा माणूस

रिपोर्टमधला आकडा हा माणसाने एकेक केंद्रक बघून केलेल्या मोजणीचा असतो. मग एका पेशीत सुटे ठिपके दिसले की झालं का? नाही. काप चार-पाच मायक्रॉनचा असतो आणि केंद्रक बहुधा त्याहून मोठं असतं. म्हणजे केंद्रक मध्येच कापलं जातं आणि काही ठिपके दुसऱ्या कापात जातात. निरोगी पेशीतही लाल-हिरवे ठिपके थोडेसे लांब दिसू शकतात, कारण डीएनए ताठ काठी नाही, सैल धागा आहे. म्हणून नियम असा केलाय, की दोन ठिपक्यांमधलं अंतर निदान दोन ठिपक्यांच्या रुंदीएवढं असेल तरच ते सुटे मानायचे. एएलकेच्या बाबतीत हे फार जपावं लागतं, कारण तुकडा त्याच भुजेवर उलटा होतो, लाल-हिरवे फार लांब जात नाहीत.

मग किती पेशी? एएलकेच्या पहिल्या मंजूर किटचा नियम असा: आधी ५० पेशी मोजा. पाचपेक्षा कमी पेशींत बदल दिसला तर निगेटिव्ह. पंचवीसपेक्षा जास्त पेशींत दिसला तर पॉझिटिव्ह. मधला आकडा आला तर दुसऱ्या माणसाने आणखी ५० पेशी मोजायच्या आणि एकूण शंभरांत १५ टक्के किंवा जास्त निघाल्या तर पॉझिटिव्ह.

त्यामुळे '५० पैकी ३१' आणि 'शंभरात १६' हे दोन्ही रिपोर्ट पॉझिटिव्हच, पण पहिल्यात शंकेला जागा फार कमी. आणि एक गैरसमज टाळा: हा टक्का आजार किती पसरलाय ते सांगत नाही. मोजलेल्या पेशींपैकी किती पेशींत शेजार मोडलेला दिसला, एवढाच त्याचा अर्थ.

या मोजणीवर औषध का ठरतं?

कारण बटण कुठलं अडकलंय हे कळलं की नेमकं तेच बटण दाबून बंद करणारं औषध देता येतं. बीसीआर-एबीएलचं बटण बंद करणारं इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याने क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं रूपच पालटलं. पूर्वी काही वर्षांत जीव घेणारा हा आजार आता बहुतेकांना रोजच्या गोळीवर दीर्घकाळ आटोक्यात ठेवता येतो. एएलकेसाठीचं क्रिझोटिनिब ऑगस्ट २०११ मध्ये तिथे मंजूर झालं आणि त्याच्यासोबतच एएलकेची फिश चाचणीही मंजूर झाली. औषध आणि चाचणी जोडीने आली, कारण एकीशिवाय दुसऱ्याला अर्थ नव्हता. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या सर्वात जास्त आढळणाऱ्या गटात साधारण वीस ते तीस रुग्णांत एकच एएलके पॉझिटिव्ह असतो. त्यांच्यात तरुण आणि कधीच सिगरेट-बिडी न ओढलेले लोक जास्त असतात. बाकीच्यांना ही गोळी देऊन उपयोग नाही.

पण नुसतं फ्यूजन सापडून भागत नाही, औषध परवडायलाही हवं. इमॅटिनिबची ही लढाई आपल्याकडेच लढली गेली. नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिवेकसाठीचा पेटंट अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने जानेवारी २००६ मध्ये फेटाळला. त्या अर्जाला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयानेही कंपनीचं अपील फेटाळलं. जुन्याच औषधाचं नवं रूप जास्त गुणकारी असल्याचं दाखवल्याशिवाय पेटंट मिळणार नाही, या पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)चा तो निकाल. त्या वेळी कंपनीचं औषध महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडायचं, तर भारतीय कंपन्यांचं आठ ते दहा हजारांना. ही तफावत नसती तर 'बीसीआर-एबीएल पॉझिटिव्ह' हा शब्द कित्येक घरांत फक्त कागदावर राहिला असता.

रक्ताच्या कर्करोगाच्या आणखी एका प्रकारात, अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, पीएमएल आणि आरएआरए ही जनुकं जोडली जातात. इथे रक्तस्रावाने रुग्ण झपाट्याने दगावू शकतो, म्हणून संशय आल्याबरोबर औषध सुरू करतात आणि चाचणीने नंतर खात्री करतात. त्यावरच्या औषधांत अ जीवनसत्त्वाचं एक रूप आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, यांचा समावेश आहे. अर्थात हे रुग्णालयात, मोजून, देखरेखीखालीच द्यायचं औषध आहे. लहान मुलांच्या हाडांतल्या युइंग सार्कोमातही ईडब्ल्यूएसआर१ या जनुकाची ब्रेक-अपार्ट फिश निदान पक्कं करायला मदत करते.

फिशला काय कळत नाही?

फिशला विचारलं तेवढंच ती सांगते. एएलकेचा प्रोब लावला तर आरओएस१ या दुसऱ्या जनुकाबद्दल ती चकार शब्द काढणार नाही. निगेटिव्हचा अर्थ 'या जागी तुटलेलं दिसलं नाही' एवढाच. जनुकात एखादंच अक्षर बदललं असेल तर तेही तिला दिसणार नाही, कारण शेजार मोडलेला नसतो. आणि शेजार मोडलाय म्हणजे जोडलेलं जनुक खरोखर काम करतंय, हेही ती सिद्ध करत नाही. त्यासाठी प्रथिन दाखवणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री किंवा जनुकं प्रत्यक्ष वाचणारी सिक्वेन्सिंग चाचणी असते. आता एएलकेसाठी बऱ्याच ठिकाणी आधी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात, कारण ती लवकर आणि कमी खर्चात होते. उत्तर धूसर आलं तर फिशकडे वळतात. आणि पुरेसा तुकडा आणि पैसे असतील तर एकदम अनेक जनुकं वाचून घेतात.

आणखी एक घोळ नेहमी होतो. स्तनाच्या कर्करोगात 'हर-टू फिश' करतात. तिथे फ्यूजन शोधत नाहीत, हर-टू जनुकाच्या प्रती किती वाढल्यात ते मोजतात. तंत्र तेच, प्रश्न वेगळा. शेजारच्या काकूंच्या फिशचा अर्थ आपल्या रिपोर्टला लावू नका.

तुमच्या हातात काय आहे?

सूक्ष्मदर्शकाखाली आपण काही करू शकत नाही. पण चाचणीचा निम्मा निकाल त्याच्या आधीच, तुकडा कसा हाताळला यावर लागलेला असतो. आपल्याकडे बायोप्सीची बाटली बऱ्याचदा नातेवाईकच लॅबमध्ये घेऊन जातात. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

तुकडा फॉर्मॅलिनमध्येच आहे ना, हे बाटली हातात घेतानाच विचारा. सलाईनमध्ये किंवा पाण्यात राहिला तर पेशी सडतात. बाटली त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लॅबला पोचवा. फॉर्मॅलिनमध्ये तीन दिवसांहून जास्त पडून राहिलेला तुकडाही पुढच्या चाचण्यांना त्रास देतो.

हाडाची बायोप्सी असेल तर पुढे जनुकांच्या चाचण्या लागू शकतात, हे लॅबला आधीच सांगा. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर डीएनए खराब होतो आणि फिशमध्ये ठिपकेच दिसत नाहीत.

मेणाचा ब्लॉक जपा. स्लाईड पुन्हा बनवता येतात, ब्लॉक पुन्हा बनत नाही. दुसऱ्या लॅबला पाठवलात तर चाचणी झाल्यावर उरलेला परत मागा आणि त्याचा नंबर लिहून ठेवा.

रिपोर्ट आला की डॉक्टरांना विचारा: कुठल्या जनुकाचा प्रोब होता, किती पेशी मोजल्या, किती पेशींत बदल दिसला, आणि पॉझिटिव्ह धरायची मर्यादा काय होती? रिपोर्टवर 'इनडिटर्मिनेट' किंवा 'नॉट इंटरप्रिटेबल' असं लिहिलं असेल तर ते निगेटिव्ह समजू नका. त्याचा अर्थ ठिपके वाचता आले नाहीत असा आहे. तेव्हा उरलेल्या ब्लॉकवर दुसरी चाचणी किंवा नवी बायोप्सी यांचा विचार करावा लागतो. पर्वतीवर धुकं होतं, म्हणून कंदील दिसले नाहीत. शेजार शाबूत आहे की मोडलाय, हे अजून कळायचंच आहे.